आधी वाया गेलेले फोटो बघा

भिशीचा नंबर लागला की गोवंडीत कुणाकडे वॉशिंग मशीन येतं, कुणाच्या पोटमाळ्याला नवी लादी बसते, आणि ज्या घरात फोटोच्या ऑर्डरी घेणारा मुलगा किंवा मुलगी असते तिथे नव्या कॅमेऱ्याचा विषय निघतो. हाताशी कॅननचा १३००डी किंवा निकॉनचा डी३३०० असतो, सात-आठ वर्षं वापरलेला. ग्रिपचं रबर सुटायला लागलेलं असतं. बरोबरीच्या कुणीतरी ‘मोठी बॉडी’ घेतलेली असते. मग माझ्याकडे प्रश्न येतो, “सर, ८०डी घेऊ की एकदम फुल फ्रेम?” मी त्यावर एवढंच विचारतो, की गेल्या तीन ऑर्डरींतले वाया गेलेले फोटो ठेवले आहेत का. बहुतेकांनी ते त्याच रात्री उडवलेले असतात.

ते उडवू नका. कॅमेरा बदलायचा की नाही याचं उत्तर त्याच फोटोंत आहे. नवा कॅमेरा जुन्यापेक्षा चांगला आहे का, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, बहुतेक बाबतींत तो चांगला असतोच. विचारायचं ते हे, की हातातल्या कॅमेऱ्याने आपला कोणता फोटो घालवला. त्या फोटोवर बोट ठेवून ‘हा बॉडीमुळे गेला’ असं म्हणता आलं, तर बॉडी बदलायला हरकत नाही. म्हणता येत नसेल, तर भिशीचे पैसे अजून थोडे दिवस कपाटात राहू द्या. हे पैसे कसे जमतात ते मी जवळून पाहिलं आहे. जरीच्या कारखान्यातला ओव्हरटाइम असतो त्यात, आईने मोडलेली रिकरिंग असते. म्हणून हे इतकं कळकळीने लिहितो आहे.

एक शंभरपानी वही घ्या. शेवटच्या तीन ऑर्डरींतले, नाहीतर महिनाभरातले, टाकून द्यावेसे वाटलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फाइलमध्ये माहिती असते : लेन्स किती एमएमवर होती, ॲपर्चर काय, शटर स्पीड किती, आयएसओ किती. ती उतरवा आणि शेजारी फोटो जाण्याचं एकच कारण लिहा. पहिल्या वीस फोटोंना वेळ लागेल. पुढे नजर बसते.

हललेला फोटो आधी ओळखायला शिका, कारण त्याच्या दोन जाती आहेत. सगळी चौकटच एका दिशेला ओढल्यासारखी दिसते, मागची भिंतसुद्धा, तेव्हा हात हललेला असतो. भिंत स्वच्छ आहे आणि फक्त नवरीचा हळद लावणारा हात पुसट आहे, तेव्हा शटर स्पीड कमी पडलेला असतो. दोन्हींत दोष बॉडीचा नसतो. पहिल्याला स्थिर हात किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन लागतं, दुसऱ्याला जास्त उजेड.

फोकस हुकलेल्या फोटोत कुठे ना कुठे काहीतरी शार्प असतंच. चेहऱ्याऐवजी मागची तोरणाची फुलं शार्प असतील, तर फोकस मागे गेला. असं क्वचित झालं, तर घाई. पण एका लेन्सने दर वेळी फोकस मागेच पडत असेल, तर घरी एक चाचणी करा. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून एका ओळीवर फोकस करा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली बसवलेला. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि मोजमाप मुख्य सेन्सरवर होतं. लाइव्ह व्ह्यूचा फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा पुसट येत असेल, तर कॅमेरा आणि लेन्सचं माप एकमेकांशी जुळत नाहीये. ते सर्व्हिस सेंटरमध्ये जुळवून मिळतं. काही वरच्या बॉडींत ही दुरुस्ती मेन्यूतूनही करता येते. एवढ्या कारणासाठी लोक कॅमेरा विकतात, आणि घेणारा तो जुळवून आणून पुढची पाच वर्षं वापरतो.

आणखी एक गोष्ट १३००डी आणि डी३३०० वाल्यांनी लक्षात घ्यायची. पहिल्यात ९ फोकस पॉइंट आहेत, दुसऱ्यात ११, पण दोन्हींत क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, पॉइंट एकच : मधला. कमी उजेडात कडेचा पॉइंट निवडून फोकस पुढेमागे होत राहिला, तर मधल्या पॉइंटवर या, फोकस लॉक करा, मग फ्रेम बदला. हे करूनही मंडपात चालत येणारी माणसं हुकतच असतील, तर वहीत मोठ्या अक्षरात लिहा, ‘बॉडी’. ८०डीमध्ये ४५ पॉइंट आहेत आणि सगळे क्रॉस टाइप. डी७२०० मध्ये ५१, त्यांतले १५ क्रॉस टाइप. हा फरक खरा आहे आणि तो हाताला जाणवतो.

आता अंधाराबद्दल. आपल्या भागातल्या वह्यांमध्ये सर्वांत मोठा ढीग मी याचाच पाहिला आहे. नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. बैंगनवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बारसं असतं, खिडकी एक, तीही गल्लीकडे. तिथे किट लेन्सने ३५ एमएमवर फोटो घेतला, तर ॲपर्चर साधारण ४.५ च्या पुढे उघडत नाही. शटर १/१२५ ठेवायचा म्हटलं तर आयएसओ ६४०० वर जातो आणि बाळाच्या गालावर वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. मुलांना वाटतं, कॅमेरा जुना झाला.

हिशोब करून बघा. त्याच जागी निकॉनची ३५ एमएम १.८ डीएक्स लेन्स लावली, तर सव्वासहा पट प्रकाश आत येतो. आयएसओ ६४०० चा १००० वर उतरतो. याउलट लेन्स तीच ४.५ वाली ठेवून क्रॉप बॉडीवरून फुल फ्रेमवर गेलात, तर सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनमध्ये सुमारे २.३ पट आणि कॅननमध्ये २.६ पट होतं. फायदा होतो, पण लेन्सने दिला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि खर्च कितीतरी अधिक. कॅननवाल्यांसाठी ५० एमएम १.८ ही स्वस्त आणि गुणी लेन्स आहे, मात्र क्रॉप बॉडीवर ती ८० एमएमसारखी वागते. दहा फुटांच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि तरी आजी फ्रेममध्ये मावत नाही. एकट्या चेहऱ्यासाठी ती ठेवा. खोलीसाठी २४ एमएम २.८ बघा, नाहीतर सिग्मा किंवा टॅमरॉनची १७-५० एमएम २.८ सेकंडहँड शोधा. किटच्या ५५ एमएमवरच्या ५.६ च्या तुलनेत २.८ म्हणजे चौपट प्रकाश, तोही झूमची सोय न सोडता. उघड्या ॲपर्चरचा एक धोका आहे. १.८ वर आई शार्प आणि मांडीवरचं बाळ पुसट, असं होतं. दोन चेहरे असतील तर २.८, चार असतील तर ४, एवढं तोंडपाठ करा.

फ्लॅशचंही तेच. वर तोंड करून छतावर आपटलेला फ्लॅश मऊ पडतो, हे सगळीकडे शिकवतात. आपल्याकडे छत पत्र्याचं असतं किंवा भिंती फिरोजी रंगवलेल्या असतात. फ्लॅश तोच रंग घेऊन परत येतो आणि नवरीचा चेहरा हिरवट दिसतो. थर्माकोलची पांढरी शीट कुणाला तरी धरायला सांगा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. ६००डी वापरत होतो. घरातल्या कार्यक्रमांचे फोटो दाणेदार येतात म्हणून हप्त्यावर ६डी घेतला. पहिल्या ऑर्डरीच्या आदल्या रात्री माझी १८-५५ आणि ५५-२५० लावायला गेलो, तर त्या बसेचनात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाहीत, हे मी विचारलं नव्हतं आणि विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. त्या लग्नात एका उसन्या ५० एमएमवर मी दिवस काढला. जेवणाच्या पंगतीचा पूर्ण फोटो मला मिळाला नाही, आणि त्या घरातले दोन वडीलधारे आता हयात नाहीत. बॉडीचे हप्ते चालू असताना लेन्ससाठी पुन्हा पैसे जमवायला मला दीड वर्ष लागलं. निकॉनमध्ये डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण कॅमेरा फक्त मधला भाग वापरतो : २४ मेगापिक्सेलच्या डी७५० वर हाती उरतात दहाएक मेगापिक्सेल. म्हणून फुल फ्रेमचा विचार करताना बॉडीची किंमत लिहू नका. बॉडी, तिला चालणाऱ्या किमान दोन लेन्स, जादा बॅटरी आणि कार्डं, या सगळ्याची एकत्र बेरीज लिहा.

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवू नये. १८ वरून २४ वर गेल्याने फोटोची रुंदी ५१८४ पिक्सेलवरून ६००० वर जाते, म्हणजे जेमतेम सोळा टक्के वाढ. करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ इंचाच्या पानावर आपण एकाच फोटोने सगळी जागा भरतो असं क्वचितच होतं. तिथे चार-पाच फोटो बसतात. १२ बाय १८ ची प्रिंट ३०० डीपीआयवर काढायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, आणि १८ मेगापिक्सेलमधून काढलेल्या प्रिंटमधला फरक हातभर अंतरावरून दिसत नाही.

मग बॉडी बदलावी असं कधी म्हणायचं? माझ्याकडे काही ठाम कारणं आहेत.

पहिलं कारण कार्डाचं. लग्न पुन्हा होत नाही. एकाच कार्डावर सगळे विधी असतात आणि ते कार्ड वाचलं गेलं नाही, तर त्या घराला तोंड दाखवता येत नाही. पूर्ण वेळ लग्नाचं काम करणाऱ्याने दोन कार्ड एकाच वेळी लिहिणारी बॉडी घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो. इथे नव्याच्या मागे लागण्यात एक फसगत आहे. निकॉनच्या डी७१०० आणि २०१५ च्या डी७२०० मध्ये दोन कार्डांची सोय होती, २०१७ मध्ये आलेल्या डी७५०० मध्ये एकच राहिली. ८०डी आणि ९०डी याही एकाच कार्डाच्या. ५डी मार्क थ्री २०१२ ची, पण तिच्यात दोन आहेत. डी७५० मध्येही दोन. पाच वर्षं जुनी बॉडी कामाच्या दृष्टीने पुढची असू शकते.

दुसरं कारण व्हिडिओचं. आजकाल ऑर्डर घेतानाच रील मागतात. १३००डीवर व्हिडिओ चालू असताना फोकस माणसामागे जात नाही, हाताने फिरवत बसावं लागतं. २०१३ च्या ७०डीपासून कॅननने ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आणला आणि तिथून ही अडचण मिटली. ८०डी, २००डी यांत तो आहे. तुमच्या कमाईत व्हिडिओचा वाटा वाढत असेल, तर हे कारण एकटंच पुरेसं आहे.

तिसरं, मंडपातले दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० वर सलग पाच फोटो घेतले तर दोन उजळ, दोन काळपट आणि एक पिवळा येतो. जुन्या बॉडीवर शटर १/१०० किंवा १/५० ठेवून हे टाळता येतं, पण मग नाचणाऱ्या माणसाचा हात पुसट होतो. कॅननने २०१४ च्या ७डी मार्क टूपासून दिव्याच्या लयीशी शटर जुळवण्याची सोय दिली. ८०डीमध्येही ती आहे, निकॉनच्या डी५०० आणि डी७५०० मध्येही. डीजेचे काही एलईडी मात्र वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, त्यांच्यापुढे हीसुद्धा चालत नाही.

चौथं कारण वयाचं. शटर झिजतं. निकॉनने डी७२०० आणि डी७५० चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासल्याचं सांगितलं आहे, कॅननचा ८०डीसाठीचा आकडा एक लाखाचा. लाख झाले की उद्याच बंद पडेल असं नाही. काही दुप्पट चालतात, काही आधीच जातात. पण दुरुस्तीचा खर्च तशाच चालू बॉडीच्या सेकंडहँड किमतीच्या जवळ पोचला, की दुरुस्ती करू नका.

काही मुलांची आवड वेगळी असते. गोवंडीहून हार्बर लोकलने शिवडीला उतरलं, की ओहोटीच्या वेळी चिखलात फ्लेमिंगो दिसतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याची खाडी त्यांनी गुलाबी होते. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांच्या फोटोंसाठी फुल फ्रेम घ्यायला निघालेल्यांना मी थांबवतो. क्रॉप बॉडीवर २५० एमएमची लेन्स कॅननमध्ये ४०० एमएमइतकी जवळ आणते, फुल फ्रेमवर ती जवळीक जाते आणि ती भरून काढायला महागडी लांब लेन्स लागते. तुमचे पक्षी लहान येत असतील, तर लेन्सला पैसे लावा. उडताना हुकत असतील आणि शटर १/१६०० च्या वर ठेवूनही हुकत असतील, तर जास्त पॉइंट आणि जास्त वेग असलेली बॉडी बघा. १३००डी सेकंदाला तीन फोटो काढतो, ८०डी सात, ७डी मार्क टू आणि डी५०० दहा. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. चुकीच्या वेळी गेलात, तर कोणताही कॅमेरा घेऊन पक्षी लांबच राहणार.

बॉडीच्या चर्चेत एक माणूस मला नेहमी आठवतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले. गटारात उतरणारी, कचऱ्याच्या गाड्यांवर उभी असलेली माणसं. त्या गाड्यांतल्या कितीतरी आपल्या देवनारच्या डम्पिंगवर रिकाम्या होत, १९२७ पासून शहराचा कचरा इथे येऊ लागला. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना कोणती बॉडी होती हा प्रश्न मनात येत नाही. येतं ते हे, की हा माणूस किती वेळा परत परत त्यांच्याकडे गेला असेल, तेव्हा कुठे त्यांनी त्याला इतक्या जवळ येऊ दिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, त्यात इथल्याच मुलामुलींचं फोटोग्राफीचं काम मांडलं गेलं. आपल्या जिन्यात आणि आपल्या गल्लीत ज्याला सहज उभं राहता येतं त्याला जे दिसतं, ते बाहेरून भारी बॉडी घेऊन आलेल्याला दिसत नाही. तुमच्या वहीत ‘क्षण हुकला’ असं वारंवार येत असेल, तर तिथे पैसे लावून काही होणार नाही. तिथे जास्त वेळा जावं लागेल.

आता बाजाराची स्थिती, कारण तिने निर्णय बदलतो. डीएसएलआरचा काळ कंपन्यांनी जवळजवळ आटोपता घेतला आहे. निकॉनचे डी७८० आणि डी६ हे २०२० चे, कॅननचा १डीएक्स मार्क थ्रीही त्याच वर्षीचा. त्यानंतर या दोघांनी नवं काम मिररलेसकडे वळवलं. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणला. म्हणजे आज ‘नवा डीएसएलआर’ म्हणून जो मिळतो तो बहुधा काही वर्षांपूर्वीचाच असतो. पूर्ण किमतीला तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वेळी मिररलेसकडे गेलेले लोक चांगल्या चांगल्या बॉडी आणि लेन्स विकत आहेत. कमी पैशांत काम करणाऱ्यासाठी इतका चांगला काळ मी याआधी पाहिला नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा आहे आणि निकॉनचा एफ १९५९ चा, त्यामुळे जुन्या लेन्सचा साठा अफाट आहे. पुढे मिररलेस घेतलात तरी कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ॲडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या ॲडॉप्टरवर एएफ-एस चालतात, पण ज्या जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर फिरवते त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींतही ती मोटर नसते, हे लेन्स घेतानाच विचारा. व्हिडिओ हेच तुमचं मुख्य काम असेल आणि आजवर एकच किट लेन्स घेतलेली असेल, तर डीएसएलआरवर डीएसएलआर घेण्यापेक्षा सरळ मिररलेसचा विचार करा.

खरेदीच्या आधी एक ऑर्डर भाड्याच्या बॉडीवर करा. एका दिवसाच्या भाड्यात जे कळतं ते दहा जणांना विचारून कळत नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडा. पूर्वी ज्या कारणांनी फोटो गेले होते, ती कारणं आता खरंच कमी झाली का?

झाली असतील, तर सीएसएमटीची लोकल पकडा. कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोरा बाजार स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोबत स्वतःची लेन्स, स्वतःचं कार्ड आणि छोटा टॉर्च घ्या. सकाळी जा, दुकानदाराला वेळ असतो आणि उजेडही चांगला असतो. बॉडीवरचा सीरियल नंबर बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. बिल नसेल आणि विकणारा ओळखपत्र द्यायला तयार नसेल, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. चोरीचा माल घरी आणला तर पोलीस तुमच्या दारात येतात. शटर काउंट निकॉनच्या फोटोफाइलमध्ये सापडतो. कॅननमध्ये तो बहुधा केबल लावून सॉफ्टवेअरने बघावा लागतो, तेव्हा दुकानदाराला समोर करून दाखवायला सांगा. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा एफ १६ वर फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. लेन्सची टोपी लावून काही सेकंदांचा फोटो काढा, ठरावीक जागी लाल-निळे बिंदू राहतात का बघा. प्रत्येक बटण, दोन्ही डायल, फ्लॅशचा शू तपासा. स्क्रू खरवडलेले असतील, तर बॉडी उघडलेली आहे. लेन्समध्ये मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ते फंगस. तशी लेन्स घेऊ नका, बाकीच्या लेन्ससोबत एका बॅगेत तर मुळीच ठेवू नका. परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी ‘आणून द्या’ पुरेसं नाही.

नवीन घेत असाल, तर वॉरंटी कंपनीची भारतातली आहे की दुकानाची, हे विचारा. ग्रे मार्केटचा माल स्वस्त पडतो, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याची वॉरंटी धरत नाहीत. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तरच त्या रकमेची वजावट मिळते. नसेल, तर ‘बिलावर पैसे परत मिळतात’ या सांगण्यात तुमच्यासाठी काही नाही.

हप्त्याबद्दल एकच नियम सांगतो. नव्या बॉडीमुळे ज्या जादा ऑर्डरी मिळतील असं वाटतं त्या हिशोबात धरू नका. आज हातात असलेल्या ऑर्डरींतून, पावसाळ्यातले रिकामे महिने धरून, हप्ता निघतो का ते बघा. आणि कॉम्प्युटर विसरू नका. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची होते, दीड हजार फोटोंच्या लग्नाला चाळीस जीबीच्या आसपास जागा लागते. जुना लॅपटॉप त्यावर अडून बसला, की अल्बम उशिरा जातो आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे.

ज्यांनी वही लिहिली आणि आहे तोच कॅमेरा ठेवायचं ठरवलं, त्यांनी तो जपावा. आपल्याकडे डम्पिंगची धूळ, खाडीची दमट हवा आणि पावसाळा, तिन्ही आहेत. रस्त्यावर उभं राहून लेन्स बदलू नका. रिक्षात बसून, बॉडीचं तोंड खाली धरून बदला. जून ते सप्टेंबर कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, जमलं तर छोटा आर्द्रतामापक, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत. एसी हॉलमधून पावसाळी हवेत आलात, तर बॅग अर्धा तास उघडू नका, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

ज्या मुलीच्या प्रश्नावरून हा लेख लिहायला घेतला, तिच्या वहीत एकशेबारा फोटो होते. त्यांतले एकाहत्तर अंधाराने गेले होते, तेवीस हात हलल्याने. कारणाच्या रकान्यात ‘बॉडी’ असं सहा ठिकाणी होतं, सगळे एका वरातीतले. तिने सेकंडहँड १७-५० एमएम २.८ घेतली, स्टॅबिलायझेशनवाली, शिवाय एक फ्लॅश आणि डबा. उरलेले पैसे पोस्टात टाकले. डिसेंबरच्या लग्नसराईसाठी ती दोन दिवस डी७५० लेन्ससकट भाड्याने आणणार आहे. १३००डी तिच्याच गळ्यात असेल, दुसरा कॅमेरा म्हणून, खोलीतल्या विधींसाठी.